ऑर्गन समोरून ऐकण्याचा खटाटोप

शांतवन निर्मळ यांनी आपल्या आयुष्याची एक्केचाळीस वर्षे लोकांकडे पाठ करून काढली. हे वाचून कोणी त्यांच्या स्वभावाविषयी भलते अनुमान काढू नये. ते जालन्यातील एका जुन्या चर्चचे ऑर्गनमास्तर होते, आणि तेथील पायाने भाता मारण्याचा ऑर्गन वेदीच्या डाव्या अंगाला, भिंतीतल्या एका खोल कोनाड्यात अशा रीतीने बसविलेला होता, की वाजविणाऱ्याचे तोंड भिंतीकडे आणि पाठ समस्त मंडळीकडे राहावी. त्या भिंतीच्या चुन्याचा एकेक पोपडा मास्तरांच्या परिचयाचा होता. चर्चमध्ये लग्ने लागली, बाप्तिस्मे झाले, चार पाळकसाहेब आले आणि बदलून गेले, एका नवरदेवाला तर ऐन शपथेच्या वेळी भोवळ आली. परंतु या सर्व ऐतिहासिक घटना मास्तरांना केवळ पाठीमागून आलेल्या आवाजांवरून कळल्या. नवरदेव पडला तेव्हा बाक पडला असे समजून ते वाजवीतच राहिले होते.

पुढे चर्चमध्ये विजेवर चालणारा कीबोर्ड आला. ऑर्गनवर एक जुनी सतरंजी पडली आणि मास्तरांच्या खांद्यावर एक नवी शाल पडली. दोघेही एकाच रविवारी निवृत्त झाले.

निवृत्त मनुष्याच्या इच्छा पुष्कळ असतात असे म्हणतात. मास्तरांची एकच होती. आपण जन्मभर जे वाद्य वाजविले, ते समोरून कसे ऐकू येते, हे त्यांना एकदा जाणून घ्यावयाचे होते. उजव्या हाताचा तिसरा बाक, मांडीवर दोन्ही हात, अंगात कोट, आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत कोणतेही काम नाही. यापेक्षा लहान इच्छा मनुष्याने करावी तरी कोणती? परंतु लहान इच्छेला मोठे शत्रू असतात, हे मास्तरांना अद्याप ठाऊक नव्हते.

आरंभ मोबाइलपासून झाला. पुण्याला असणारी त्यांची कन्या तृप्ती हिने एका सुट्टीत त्यांना दाखवून दिले, की परदेशातील मोठमोठ्या चर्चमधील ऑर्गनवादनाचे कार्यक्रम घरबसल्या ऐकता येतात. त्या दिवसापासून मास्तर रोज दुपारी चार वाजता कार्यक्रमास उपस्थित राहू लागले. 'उपस्थित' हा शब्द येथे विचारपूर्वक योजिला आहे. ते दाढी करीत, कोट चढवीत, मोबाइल पोळपाटाला टेकवून टेबलावर उभा करीत आणि समोरच्या खुर्चीत ताठ बसत. कार्यक्रम सुरू झाल्यावर खोलीत प्रवेश नाही, असा त्यांचा नियम होता. त्यांच्या पत्नी सगुणाबाई, मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर, हा नियम शेंगा सोलीत सोलीत मोडीत असत. बाहेरून कांदे-बटाट्याच्या गाडीचा भोंगा येई. आणि नळाला पाणी यावयाचे ते आठ-दहा दिवसांतून एकदा येई, ते नेमके सव्वाचारला. त्या दिवशी मास्तर कोटासह हंडे भरीत.

तथापि खरा व्यत्यय स्वतः मास्तरांकडूनच होत होता, व त्याचा त्यांना पत्ता नव्हता. मनुष्याने एक्केचाळीस वर्षे पायाने भाता मारला, की पाय हे त्याच्या हुकमतीत राहत नाहीत. जर्मनीतील ऑर्गन वाजू लागला, की मास्तरांचे दोन्ही पाय जालन्यातील फरशीवर एकाआड एक दणादण पडू लागत. मास्तर नवीन जालन्यात पुखराज शेठजींच्या इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत असत. खाली शेठजींचे बियाण्यांचे ऑफिस होते.

पंधराव्या दिवशी शेठजींच्या पत्नी प्रेमबाई दोन ब्लाउजपीस आणि मापाचा एक जुना ब्लाउज घेऊन वर आल्या. काठाला पायपिंग करा, गळा जास्त खोल नको, असे त्यांनी सगुणाबाईंना सांगितले. सगुणाबाई चकित झाल्या. तेव्हा उलगडा झाला, की रोज चार ते पाच वर शिलाई मशीन चालते, अशी खाली सर्वांची पक्की समजूत झालेली होती, आणि कष्टाळू भाडेकरूंना काम मिळावे या सद्भावनेने प्रेमबाईंनी गल्लीतील आणखी तिघींनाही कळवून ठेवले होते.

एका ऑर्गनमास्तराला शिंपी समजले जावे, हा घाव खोल होता. मास्तर दुसऱ्या दिवशी स्वतः खाली गेले आणि शेठजींना त्यांनी प्रकरण पहिल्यापासून समजावून सांगितले. शेठजींनी ते पूर्ण ऐकून घेतले व एकच प्रश्न विचारला.

"पण मास्तरसाब, तुमचा स्वतःचा बाजा गावात पडून आहे, अन् तुम्ही जर्मनीचा ऐकता. हा कुठला हिसाब झाला?"

हा हिसाब मास्तरांच्या मनात घर करून बसला. वास्तविक येथेच त्यांनी जिना चढून घरी परत यावयास हवे होते.

तृप्तीच्या ओळखीत रूथ मॅडम म्हणून पुण्याच्या एक वादिका होत्या. लहान गावांतील जुने ऑर्गन शोधून त्यांवर वादन करण्याचा त्यांना छंद होता. फोन झाला. त्या सहर्ष कबूल झाल्या. महिन्याचा शेवटचा शनिवार, सायंकाळी पाच. मास्तरांनी दिनदर्शिकेवर त्या तारखेला गोल केला आणि मनाशी म्हटले, की आपल्याला आता फक्त जाऊन बसावयाचे आहे.

चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी अण्णासाहेब हे शिस्तीचे गृहस्थ होते. मास्तरांचा अर्ज त्यांनी दोनदा वाचला, त्यातील एक काना दुरुस्त केला आणि कमिटीपुढे ठेवला. कमिटीने ठराव केला तो असा: सदरहू कार्यक्रमास हरकत नाही, मात्र ऑर्गनची दुरुस्ती, सरकारी परवानग्या, पाहुण्यांची व्यवस्था, श्रोत्यांची बैठक, चहापाणी व तदनुषंगिक सर्व जबाबदारी श्री. निर्मळ यांची राहील. मास्तरांनी विचारले, की मग कमिटीकडे काय राहील. अण्णासाहेबांनी क्षणभर विचार केला व गंभीरपणे सांगितले, "अध्यक्षस्थान."

परवानगीची कल्पना शेठजींची. आजकाल विनापरवाना चार माणसे एकत्र बसली तरी पंचाईत होते, असे त्यांचे मत होते. त्यामुळे मास्तर एका कार्यालयात गेले. कोणत्या, ते मुद्दाम लिहीत नाही, कारण तेथील माणसांना पोटे आहेत. तेथे हरिओम नावाचे लिपिक होते. त्यांनी एक छापील अर्ज पुढे सरकविला. त्यात कार्यक्रमाचे प्रकार दिलेले होते: ऑर्केस्ट्रा, डीजे, बँड, कीर्तन, जागरण-गोंधळ, इतर. मास्तरांनी 'इतर'वर खूण केली. हरिओम यांचा चेहरा उतरला.

"काका, 'इतर' नका करू. 'इतर'ला वरच्या सायबाची सही लागती, अन् सायेब दौऱ्यावर गेल्ते ते अजून आले न्हाईत. ऑर्केस्ट्रा करा. बॉक्स किती लावनार?"

मास्तर म्हणाले, की एकही नाही.

"मिरवनूक कुठून कुठं?"

मिरवणूक नाही, असे मास्तरांनी सांगितले.

"नाचनारे?"

मास्तरांनी अंगावरचा कोट सारखा केला आणि सांगितले, की हे वाद्य चर्चमध्ये बसून, डोळे मिटून, शांतपणे ऐकावयाचे असते. हरिओम यांनी लेखणी खाली ठेवली. त्यांना खरोखर कीव आली असावी. बॉक्स नाही, मिरवणूक नाही, नाच नाही, तर परवानगी कशाची मागून राह्यले, असे त्यांनी विचारले. परवानगी लागत नाही काय, असे मास्तरांनी आशेने विचारले. लागत नाही, परंतु लागत नाही असे कार्यालयाने लिहून देण्यासाठी तुम्हाला अगोदर तसे लिहून द्यावे लागेल, असे उत्तर मिळाले. सारांश, तिसऱ्या खेपेस मास्तरांनी पुढील मजकुराच्या हमीपत्रावर सही केली: "मी, शांतवन रखमाजी निर्मळ, वय अडुसष्ट, लिहून देतो की सदरहू कार्यक्रमात कोणीही इसम नाचणार नाही, व नाचल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी माझी राहील." त्यावर चर्चचा शिक्का हवा होता. शिक्का कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली खजिनदारांबरोबर लग्नाला गेलेली होती. चौथ्या खेपेचे वर्णन करून वाचकांचा अंत पाहत नाही.

आता ऑर्गन. सतरंजी उचलली तेव्हा असे दिसून आले, की निवृत्त झाल्यावर ऑर्गन मास्तरांइतका एकटा पडलेला नव्हता. भात्यामध्ये उंदरांनी संसार थाटला होता व चामड्याला दोन्ही अंगांना पंज्याएवढी भोके पाडलेली होती. मास्तरांनी कारागिराचा शोध सुरू केला. परतूर तालुक्यातील आष्टीला भागवत नावाचे एक कारागीर होते. ते भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करीत असत. ते बाजाराचा दिवस सोडून आले, ऑर्गनभोवती दोन फेऱ्या मारल्या, आत डोके घालून वास घेतला व प्रसन्न झाले.

"मास्तर, हा तर आपल्या पेटीचाच थोरला भाऊ हाय. फक्त ह्याला हातानं न्हाई, पायानं जेवू घालावं लागतं."

हवे तसे चामडे मिळेना. पुण्याहून मागवावे असे मास्तरांचे मत. तोवर शनिवार येऊन जाईल असे भागवतांचे मत. अखेरीस भागवत शहागडला हायवेवर जाऊन एका पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब घेऊन आले. तिची दोन ठिगळे कापली व सोल्यूशन लावून भात्याला चिकटविली. शंभर वर्षांच्या विलायती ऑर्गनच्या पोटात ट्रकची ट्यूब हे मास्तरांना पाहवेना. ज्या ट्यूबने ऊस वाहिला तिला तुमचा सूर जड होणार न्हाई, असे भागवतांनी त्यांना आश्वासन दिले. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. भागवतांनी पाय मारला आणि मास्तरांनी एक पट्टी दाबली, तेव्हा सूर लागला. थोडा रबरासारखा वास आला, पण सूर लागला.

इकडे गल्लीने कार्यक्रम हाती घेतला होता. शेठजींनी एका बियाणे कंपनीकडून बॅनर मिळविला. त्यावर मक्याचे कणीस चार फुटांचे होते आणि मास्तरांचा फोटो पासपोर्टच्या आकाराचा. मास्तर वाजविणार नाहीत, ते केवळ ऐकणार आहेत, हे त्यांनी शेठजींना तीनदा सांगितले. शेठजी म्हणाले, की ऐकणाराचा फोटो लावला तर लोकांना ऐकायला यावेसे वाटते. प्रेमबाईंचे म्हणणे पडले, की संगीत कितीही चांगले असले तरी कचोरीशिवाय माणसे थांबत नाहीत. प्रत्येकाचा सल्ला प्रेमाचा होता, आणि प्रेमाच्या सल्ल्याला नकार देण्याची सोय आपल्याकडे नाही. मास्तर पंधरा दिवसांत दीड किलोने उतरले. कोट खांद्यांवरून घसरू लागला.

शनिवार उजाडला. पाच वाजता चर्च भरले. मंडळीतील माणसे आली, गल्ली आली, बियाणे कंपनीचे दोन प्रतिनिधी आले. मास्तर येऊन उजव्या हाताच्या तिसऱ्या बाकावर बसले. त्यांनी हात मांडीवर ठेवले. समोर, प्रथमच समोर, कोनाड्यात त्यांचा ऑर्गन होता आणि त्याच्यापुढे रूथ मॅडमची पाठ. या क्षणी मास्तरांना मागील सर्व त्रासाचा विसर पडला असता, परंतु अण्णासाहेब भाषणास उभे राहिले.

अण्णासाहेबांनी वाद्यांच्या उत्पत्तीपासून प्रारंभ केला. पंचवीस मिनिटांनी ते शंखाजवळ आले. मध्येच पाहुण्यांचा सत्कार, कंपनीच्या प्रतिनिधींचा सत्कार, बॅनर देणाऱ्याचा सत्कार, सत्कारास उत्तर, आणि पुन्हा शंख. पावणेसहा झाले. मास्तर तिसऱ्या बाकावर बसून रुमालाची घडी घालीत व उलगडीत होते. इतक्यात चर्चच्या दारातून एका बाईने आत डोकावून फक्त दोन शब्द उच्चारले. "नळ आले."

एरवी सव्वाचारला येणारे पाणी आज पावणेसहाला आले होते. जालन्यात राहणाऱ्यास पुढचे सांगावयास नको. आठ दिवसांनी आलेले पाणी तास-दीड तास टिकते. सर्व बायका एकदम उठल्या, त्यांच्यामागून त्यांचे हंडे उचलावे लागणारे पुरुष उठले, आणि प्रतिनिधी कशाचा गोंधळ आहे ते पाहावयास उठले. अर्धे चर्च दोन मिनिटांत मोकळे झाले. अण्णासाहेब शंखाजवळच थांबले. मास्तरांनी मान वळवून पाहिले, तर सगुणाबाई आपल्या जागी तशाच बसलेल्या होत्या. पाणी त्यांच्याही नळाला आलेले होते.

रूथ मॅडमनी वादनास प्रारंभ केला. पहिल्या ओळीला मास्तरांनी डोळे मिटले. दुसऱ्या ओळीला त्यांना कुठेतरी कोणी सायकलीत हवा भरीत असल्याचा भास झाला. तिसऱ्या ओळीला त्यांनी डोळे उघडले, कारण सूर खाली खाली बसत चालला होता, आणि चौथ्या ओळीला ऑर्गनने एक दीर्घ सुस्कारा टाकून मौन धारण केले. कोनाड्याशेजारच्या खोलीच्या दारातून भागवत बाहेर आले. कपाळावर घाम, हाताला सोल्यूशन. ते वाकून मास्तरांच्या कानाशी बोलले.

"मास्तर, दोन्ही ठिगळं सुटून राह्यली. एक मी दाबून धरतो. दुसऱ्याला मानूस पाह्यजे."

मास्तरांनी आजूबाजूस पाहिले. शेठजी म्हणाले, की आपला खांदा आखडलेला आहे. अण्णासाहेब अध्यक्ष होते. मास्तरांनी सांगितले, की कोणाही तरण्या माणसाला घ्या.

"कुनीबी चालत न्हाई," भागवत म्हणाले. "सुराला हवा कवा लागंल अन् कवा सोडावी, हे कळनारा पाह्यजे. उगा दाबून धरलं तर ट्यूबच फाटंल. तुमच्याशिवाय कोनाला कळंल?"

मनुष्याचे कौतुक कधी कधी असे होते, की त्यापेक्षा अपमान परवडला. मास्तर उठले. बाजूच्या खोलीतून, ऑर्गन आणि भिंत यांच्यामधल्या हातभर फटीत ते आडवे होऊन शिरले, कोटाने दहा वर्षांची धूळ पुसली गेली, आणि ते उकिडवे बसले. उजवा तळहात ठिगळावर. नाकासमोर भिंत. या वेळी तर पोपडे इतके जवळ होते, की त्यांच्या कडा मोजता येत होत्या.

तेथून काय ऐकू येते, ते सांगतो. भात्याचा फुसकारा ऐकू येतो. भाता मारण्याच्या पायट्यांची खटखट ऐकू येते. लाकडाचे कुरकुरणे आणि पलीकडे बसलेल्या भागवतांचा श्वास ऐकू येतो. संगीत सोडून सर्व काही ऐकू येते. चार रचना झाल्या. कोणत्या, हे मास्तरांना तळहाताला बसणाऱ्या ओढीवरून कळले. संथ रचनेत ट्यूब हळू हळू फुगे, जलद रचनेत ती बेडकाच्या गळ्यासारखी धडधडे, आणि मास्तर तिच्याबरोबर हात सैल करीत व आवळीत. एकही सूर पुन्हा बसला नाही. भागवतांनी मध्येच पसंतीची मान हलविली. मास्तरांना ती पसंती नको होती.

टाळ्या वाजल्या. पाय आखडल्यामुळे फटीतून बाहेर पडावयास त्यांना इतका वेळ लागला, की तोपर्यंत अण्णासाहेबांचे आभारप्रदर्शन अर्धे झाले होते. अण्णासाहेबांनी पाळकसाहेबांचे आभार मानले, कंपनीचे मानले, कचोरीचे मानले, आणि 'पडद्याआड राहून तांत्रिक साहाय्य करणाऱ्या आष्टीच्या कलावंताचे' मानले. दुसऱ्या कलावंताचे नाव कागदावर नव्हते. दारात शेठजी भेटले. त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला व चिंतेने विचारले, "मास्तरसाब, एवढी मेहनत केली, अन् ऐनवेळी तुम्ही खुद्द कुठं गेले? मी तर तुमची जागा राखून ठेवली होती. बाकी संगीत एकदम शांत. इतकं शांत मी आजवर ऐकलं नाही."

मास्तर आत आले आणि रिकाम्या चर्चमध्ये धुळीने माखलेला कोट काढून उभे राहिले. सात वाजत आले होते. रूथ मॅडम आपली बसावयाची उशी पिशवीत भरीत होत्या. भागवत हाताचे सोल्यूशन खरवडीत होते. सगुणाबाई कपबशा गोळा करीत होत्या. मॅडमनी आदराने विचारले, "मास्तर, तुम्हाला कसा वाटला कार्यक्रम?"

"भिंत चांगली आहे," मास्तर म्हणाले.

सगुणाबाईंनी हातातल्या कपबशा बाकावर ठेवल्या, पदर खोचला आणि बाजूच्या खोलीच्या दिशेने निघाल्या. जाता जाता त्यांनी मास्तरांकडे न पाहता तिसऱ्या बाकाकडे बोट केले.

"बसा तिथं. मॅडम, एक गीत वाजवा. मी धरते ते ठिगळ."

मास्तर म्हणाले, की हे दाबणे साधे नाही, त्याला कळावे लागते.

"चौतीस वर्षं लोकांच्या जखमा दाबून धरल्या मी. किती दाबायचं अन् कधी सोडायचं ते मला नका शिकवू. अन् गीत श्वास कुठं घेतं ते सगळं पाठ आहे मला. बसा."

दवाखान्यातील सिस्टरने 'बसा' म्हटले की बसावे लागते. भागवत आणि सगुणाबाई फटीत शिरले. मॅडमनी उशी परत काढली व संध्याकाळच्या उपासनेचे एक जुने गीत सुरू केले. ते मास्तरांनी स्वतः हजार वेळा तरी वाजविले असेल.

मास्तर ऐकू लागले. आणि थोड्याच वेळात त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी कान पुढे केला. त्यांना वाटले पंख्यांचा आवाज आहे. ते उठले व सर्व पंखे बंद करून परत बसले. तरी ऑर्गन दोन घरे पलीकडे लावलेल्या रेडिओसारखाच येत होता. कोनाड्यातून सूर निघे आणि कोनाड्यातच घोटाळे. वाजविणाऱ्याच्या कानात तो मेघासारखा गरजतो, याचे मास्तर स्वतः साक्षीदार होते. परंतु तिसऱ्या बाकापर्यंत यावयास त्याच्या अंगात त्राण उरत नव्हते. मास्तर दुसऱ्या बाकावर सरकले. तेथे थोडा अधिक आला. आज चर्च रिकामे होते. तीनशे माणसे तोंड उघडून गात असतील, तेव्हा येथे काय पोहोचत असेल, याचा हिशेब मनात होताच मास्तर उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले. मॅडम थांबल्या. मास्तरांनी कोनाड्याकडे पाहून, ऑर्गनमागच्या अंधाराला उद्देशून विचारले, "अगं, हा मागं ऐकूच येत नव्हता की काय?"

ऑर्गनच्या पोटातून सगुणाबाईंचा आवाज आला. "नाही."

"एक्केचाळीस वर्षं?"

"कोनाड्यासमोरच्या पहिल्या बाकावर येत होता. म्हणून तर मी सगळी वर्षं तिथं बसले. लोक म्हणायचे, मास्तरीणबाईला मिरवायची हौस आहे. म्हणू दिलं."

मास्तरांच्या मनात एकाच वेळी पुष्कळ विचार आले. त्यांपैकी बहुतेक कमिटीविषयी, त्या कोनाड्याविषयी व तो कोनाडा बांधणाऱ्या गवंड्याविषयी होते, आणि ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. अखेर त्यांना एकच प्रश्न सुचला. त्यांचा स्वर दुखावलेला होता.

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आणखी जोर लावला असता. तो भाता वीस वर्षांपूर्वीच फुटला असता, अन् तुमचे गुडघेही. आता लवकर ऐका, माझा हात भरून आला."

मास्तर डावीकडे गेले, कोनाड्यासमोरच्या पहिल्या बाकापाशी आले, आणि सगुणाबाईंच्या जागेवर बसले. बाकाच्या त्या टोकाचे पॉलिश झिजून लाकूड गुळगुळीत झालेले होते. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले व मॅडमना सांगितले, "पहिल्यापासून घ्या. चारही कडवी."